मलिंगारचा मावेली

लेकीनं आयर्लंडात इस्टेट घेतली, असं मुरलीधर निकमांनी सांगलीकडच्या विट्यात ओळखीच्या आणि बिनओळखीच्या बऱ्याच लोकांना सांगून ठेवलं होतं. पूर्णिमा फोनवर ‘आमच्या इस्टेटमध्ये’ असं म्हणायची, त्यावरून त्यांनी दोन-चार एकर तरी धरले होते. २०२०च्या फेब्रुवारीत ते स्वतः मलिंगारला येऊन पोचले तेव्हा कळलं, की इथे एकसारख्या घरांच्या वसाहतीलाच इस्टेट म्हणतात. मधे हिरवळीचा एक तुकडा, त्याच्याभोवती अर्धगोलात घरं, आणि प्रत्येक घरापुढे एक गाडी मावेल एवढी फरशी घातलेली जागा. मुरलीधरांनी ही दुरुस्ती विट्याला कळवली नाही.

ते दोन महिन्यांसाठी आले होते. बायको लीलावती मागे राहिली होती, कारण तिची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. “तुम्ही बघून या, मग मी जाईन पुढच्या वर्षी,” असं म्हणून तिनं त्यांच्या पिशवीत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि नातीसाठी एक खण भरला होता. मार्चमध्ये जग बंद झालं, विमानं थांबली. चटणी संपली, मेतकूट संपलं, ऑगस्ट आला, आणि मुरलीधर तिथेच.

लेकीच्या घरी दोन महिने राहणं म्हणजे पाहुणचार. सहा महिने राहणं म्हणजे काय, ते त्यांना ठरवता येईना. मग ते भांडी घासत, कपड्यांच्या घड्या घालत, मागच्या अंगणातलं गवत कापत. जावई अद्वय त्यांच्या हातातून ताट काढून घ्यायला धावला की ते म्हणत, “असू दे हो, बसून तरी काय करू?” मग जावई ताट सोडून परत फिरे.

खरी अडचण आवाजाची होती. मुरलीधरांनी तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. लाउडस्पीकर बिघडला तरी त्यांचं काही अडायचं नाही. पिंपळाखाली उसाचा रस पिणाऱ्या माणसालाही आपली गाडी लागल्याचं कळायचं. इथे मात्र पूर्णिमा एका खोलीत, अद्वय दुसऱ्या खोलीत, दोघंही दिवसभर मीटिंगमध्ये. मुरलीधर स्वयंपाकघरात नुसते खाकरले तरी वरून लेकीचा मेसेज यायचा : अण्णा, हळू. आधी ते मुद्दाम हळू बोलायचे, मग सवयीनं, आणि मग बोलणंच कमी झालं. सहा वर्षांची नात गुंजन त्यांचं सगळं मराठी समजून घ्यायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. “बाळा, दूध पिलीस का?” “आय’म ग्रँड, आजोबा.” हे ‘ग्रँड’ म्हणजे हो की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

एप्रिलमधली गोष्ट. ते मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. आभाळ भरून आलं तसे पुटपुटले, “आला गड्या परत.”

कुंपणाच्या फळ्यांपलीकडून आवाज आला, “काका, तुमी सांगली का?”

मुरलीधरांच्या हातातली चादर खाली पडली. फळीवरून एक गोल चेहरा वर आला. शेजारची अंबिली. मलिंगारच्या हॉस्पिटलात नर्स होती. केरळची, पण शिकली मिरजेत आणि पुढे तिथेच चार वर्षं नोकरी केली. तिच्या मराठीत लिंग-वचनाचा पत्ता नसायचा, पण ठसका अस्सल मिरजेचा होता. त्या दिवसापासून तिची ड्यूटी नसली की कुंपणाशी दहा-पंधरा मिनिटं गप्पा होत. मिरजेच्या बाजारात आता काय मिळतं, रेल्वे फाटकाचं काय झालं, असले विषय. मुरलीधरांना मिरज विट्याएवढीच जवळची वाटू लागली होती.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अंबिली कुंपणाशी आली ती नवऱ्याला घेऊनच. सोजन उंच, बारीक आणि कमी बोलणारा होता. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा एक सोनेरी मुकुट होता.

“काका,” अंबिली म्हणाली, “तुमी आमच्या राजा होणार का?”

मुरलीधरांना वाटलं, लिंग-वचनाबरोबर आता शब्दही घसरले.

मग तिनं सगळं सांगितलं. ओणम आला होता. दरवर्षी मलिंगारमधले सगळे मल्याळी एका क्लबचा हॉल घेत. जमिनीवर फुलांची मोठी रांगोळी, केळीच्या पानावर वीस-बावीस पदार्थांचं जेवण, रस्सीखेच, नाच. आणि मधोमध मावेली, म्हणजे महाबली राजा. वामनानं पाताळात ढकललेला राजा वर्षातून एकदा आपली प्रजा सुखी आहे का ते बघायला वर येतो, म्हणून हा सगळा थाट. यंदा हॉल बंद. घरात सहाच्या वर माणसं जमवायची नाहीत. तेव्हा असं ठरलं होतं, की प्रत्येक वसाहतीनं आपापलं बघायचं. या वसाहतीतली मल्याळी घरं आपापल्या दारात फुलं मांडतील, अंबिली आणि आणखी दोन घरं मिळून स्वयंपाक करतील, सोजन डबे पोचवेल आणि मावेली रस्त्यानं चालत प्रत्येक दाराशी थांबून आशीर्वाद देईल. कुणी कुणाच्या घरात जायचं नाही.

“मग चांगलंच की,” मुरलीधर म्हणाले.

“चांगला होता. पण जोमोन अडकला.”

जोमोन हा पलीकडच्या रांगेतला आचारी. पोट भरघोस, मिशा झुपकेदार, गेली कित्येक वर्षं मलिंगारचा मावेली तोच. आता त्याच्या कामावर कुणीतरी पॉझिटिव्ह निघालं होतं आणि तो चौदा दिवस वरच्या खोलीत बंद होता. तब्येत ठणठणीत, पण बाहेर यायची सोय नव्हती.

अंबिलीनं मुरलीधरांच्या पोटाकडे बघितलं. मग मिशांकडे. मग सोजनच्या हातातल्या मुकुटाकडे.

“आवं, पण मला तुमची भाषा कुठं येतीया?”

“राजाला काय बोलायचा नसतो, काका. हात असा करायचा.” तिनं आशीर्वादाचा हात करून दाखवला. “आणि विचारायचा, सुखमाणो? म्हणजे, सुखी आहे ना? लोक म्हणणार, सुखम. संपला.”

मुरलीधर विचारात पडले. बळीराजा त्यांना परका नव्हता. दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या घरीही बळीचंच राज्य मागत. पण ते म्हणजे ओवाळताना नाव घ्यायचं आणि फराळाला बसायचं. तो राजा कधी विट्याच्या गल्लीतून चालत येईल, आपल्या दारात थांबेल आणि बरे आहात का म्हणून विचारेल, असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. या लोकांकडे तो दरवर्षी खरोखर येतो, हे त्यांना फार आवडलं.

“लेकीला विचारून सांगतो,” ते म्हणाले.

पूर्णिमा ऐकून आधी हसली, मग गंभीर झाली. “अण्णा, लोकांत मिसळायचं, तुमचं वय...” “मिसळायचं न्हाईच. रस्त्यातनं चालायचं.” “आणि मास्क?” “पाताळातनं येणाऱ्याला मास्क असतोय व्हय?” पूर्णिमानं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. कित्येक आठवड्यांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद होता. “लांब उभे राहणार असाल तर करा,” ती म्हणाली.

विट्याला फोन लावला तेव्हा लीलावती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, “राजा? आणि अंगात काय घालणार?”

“अंगात काय न्हाई. दागिनं आन् उपरणं.”

“उघड्या अंगानं? त्या थंडीत?” ती म्हणाली. “आतनं बनियन घाला. दिसलं तर दिसलं.”

तिरुवोणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, सोमवारी होता, पण सगळ्यांना सुट्टी रविवारची. रविवारी सकाळी वसाहतीत नारळाच्या तेलाचा आणि कढीपत्त्याचा वास सुटला. जोमोनच्या बायकोनं ताडाच्या पानांची राजछत्री जंतुनाशकानं पुसून दारात ठेवली होती, ती सोजननं उचलून आणली. मुरलीधरांनी स्वतःच्या खोलीत आरशापुढे जरीकाठी मुंडू लुंगीसारखा नेसला. पितळी रंगाचे हार गळ्यात घातले, दंडावर बाजूबंद चढवले, मुकुट ठेवला. मिशा काजळानं आणखी जाड केल्या. बनियन घातला, काढला, शेवटी नाहीच घातला.

जिन्यावरून उतरले तेव्हा गुंजन खाली सीरियल खात बसली होती. तिनं चमचा तसाच धरून त्यांना पायांपासून मुकुटापर्यंत पाहिलं.

“आजोबा,” ती म्हणाली, “युअर टमी’ज आउट.”

“राजांचं असतंच,” मुरलीधर म्हणाले आणि बाहेर पडले.

ऑगस्टचं शेवटचं ऊन होतं, आणि वारा चांगलाच गार. सोजनच्या हातात चाकांची बाजाराची गाडी, त्यात डब्यांच्या चळती, वर एक लहान स्पीकर, त्यातून चेंडा या केरळी ढोलाचा आवाज. अंबिली सोनेरी काठाची पांढरी साडी नेसून दोन हात अंतर ठेवून मागे. प्रत्येक मल्याळी दारात फुलांची लहानशी रांगोळी होती. फुलं आयरिश होती : डेलिया, हायड्रेंजिया, कुणी कुंपणावरचे फ्यूशियाचे लाल झुबके वापरलेले.

पहिल्या दारात मुरलीधरांच्या तोंडातून शब्दच फुटेना. सहा महिन्यांची सवय. “सु... सुखमाणो?” ते पुटपुटले. दारातल्या बाईनं हात जोडून “सुखम, सुखम” म्हटलं, डबा घेतला. झालं. दुसऱ्या दारात जरा बरं. तिसऱ्या दारात एक म्हातारी होती, तीही फेब्रुवारीत येऊन अडकलेली. ती राजाला बघून एवढी खूश झाली, की तिनं तिथूनच तांदळाच्या अक्षता फेकल्या आणि भराभर मल्याळममध्ये काहीतरी सांगू लागली. मुरलीधरांना एक अक्षर कळलं नाही, पण सूर कळला. गुडघे, हवा, सून, यापैकीच काहीतरी. त्यांनी आपल्या भाषेत उत्तर दिलं, “व्हय आजी, माझंबी तसंच हाय.” म्हातारीनं समाधानानं मान डोलावली.

चौथ्या घरी पोरांची गर्दी होती. आठ-नऊ वर्षांची जुळी भावंडं पुढे आली. त्यांचं इंग्रजी इथलं, गाणं म्हटल्यासारखं. त्यांनी विचारलेलं अंबिलीनं सांगितलं, “विचारतात, तुमी खरंच जमिनीखाली राहता का?”

मुरलीधर फसले. पण मागे हटले नाहीत. “ऱ्हातो की. लई खोल. लिफ्ट न्हाई, जिन्यानंच यावं लागतंय. म्हणून वर्षातनं एकदाच.”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. ही मल्याळम नव्हती, इंग्रजी नव्हती, शाळेत शिकवतात ती आयरिशही नव्हती. मुलीनं हळूच विचारलं, ही कुठली भाषा?

 अंबिलीनं शांतपणे पोरांना सांगितलं, की पाताळात अजून जुन्या काळचीच भाषा चालते.

“आणि तू ती शिकलीस कुठे?” मुलगा म्हणाला.

“मिरजेत,” अंबिली म्हणाली.

पोरांनी ते मान्य केलं. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पाताळात वायफाय आहे का, कोविड आहे का, शाळा बंद आहेत का. मुरलीधर प्रत्येकाला सविस्तर उत्तर देत राहिले आणि दर उत्तरागणिक त्यांचा आवाज थोडा थोडा वर चढत गेला. शेवटच्या उत्तराला पलीकडच्या रांगेतली खिडकी उघडली. जोमोन वरून ओरडून काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतोय?”

“म्हणतो, माझा नोकरी गेला,” अंबिली म्हणाली आणि सोजनसुद्धा हसला.

अर्धगोलाच्या दुसऱ्या टोकाचं घर भाड्याचं होतं. तिथे चार नर्स मिळून राहत. त्या दाराशी फुलं नव्हती. अंबिलीनं बेल वाजवली आणि मागे सरकली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दार उघडलं आणि एक मुलगी उभी राहिली. पंचविशीची, ओले केस, अंगावर घरचे कपडे, डोळ्यांखाली काळं. ट्रीसा तिचं नाव. बाकीच्या तिघी ड्यूटीवर होत्या. ट्रीसाला रात्रपाळीवर जायचं होतं.

मुरलीधरांनी हात वर केला. आता ते सरावले होते. “सुखमाणो?”

ट्रीसानं त्यांच्याकडे बघितलं. मुकुटाकडे, हारांकडे, काजळाच्या मिशांकडे. मग मल्याळममध्ये हळू आवाजात काहीतरी बोलली, एवढं लांबलचक की ते ‘सुखम’ नक्कीच नव्हतं. सोजननं खाली वाकून स्पीकर बंद केला.

“काय म्हणाली पोरगी?”

 “काका, ती म्हणते, नाही. सुख नाही. तिचा मूल तिकडे केरळात आहे, आईकडे. एकदम लहान. जानेवारीत इकडे आली, तीन-चार महिन्यात नवरा आणि मूल आणणार होती. आता काय माहीत नाही. फोनवर मूल आता तिच्या बहिणीला आई म्हणते.”

दारात ट्रीसा तशीच उभी होती. आपण हे राजाला का सांगितलं, असं तिचं तिलाच वाटत असावं. ती माफी मागितल्यासारखं काहीतरी बोलली आणि डब्यासाठी हात पुढे केला.

मुरलीधर घरापुढच्या बुटक्या भिंतीवर बसले. छत्री बाजूला टेकवली. वारा उघड्या पाठीला झोंबत होता.

“पोरी,” ते म्हणाले, “मलाबी सुख न्हाई.”

अंबिलीनं ते सांगितलं. ट्रीसाचा हात तसाच राहिला.

“माझी मालकीण तिकडं हाय. तिची आई आजारी, ती एकटी सगळं करतीया, आन् मी हितं लेकीच्या घरात गवत कापत बसलोय. रोज फोनवर सांगतो, मजेत हाय. तीबी सांगती, मजेत हाय. दोघंबी खोटं बोलतोय. आज सकाळधरनं सगळ्या दारांत विचारत आलो. समदी म्हणली, सुखम. तू एकटीच खरं बोललीस.”

अंबिलीनं तेही सांगितलं. ट्रीसा दाराच्या चौकटीला टेकली. रडली नाही, पण तिनं नाक ओढलं.

“जेवणार कुणाबरोबर?” मुरलीधरांनी विचारलं.

कुणाबरोबर नाही. डबा उघडून, खाऊन, झोपणार.

 मुरलीधर उठले, छत्री घेतली आणि हिरवळीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला. पूर्णिमा घराच्या दारात गुंजनला घेऊन उभी होती. तिला पुढचं कळलं. लहानपणी तिनं स्टँडवर ते पुष्कळदा पाहिलं होतं.

“ऐका हो ऐका,” मुरलीधरांचा आवाज अर्धगोलातल्या प्रत्येक भिंतीवर आपटून परत आला. “समद्यांनी लक्ष द्या. राजाचा हुकूम हाय. आज घरात बसून कुणीबी जेवायचं न्हाई. आपापलं पान घ्यायचं, खुर्ची घ्यायची आन् आपापल्या दारात येऊन बसायचं. कुणी कुणाला शिवायचं न्हाई. पण जेवायचं संगट.”

अंबिलीनं तोच हुकूम मल्याळममध्ये पुकारला. मग इंग्रजीत. क्षणभर कुठेच हालचाल झाली नाही. पहिली बाहेर आली ती तिसऱ्या घरातली म्हातारी, स्वतः खुर्ची ओढत. मग जुळी भावंडं. मग एकामागून एक दारांतून घडीच्या खुर्च्या, कपड्यांच्या इस्त्रीचं टेबल, एका घरातून चक्क उलटी ठेवलेली बादली. डब्याबरोबर दिलेली केळीची पानं मांड्यांवर, टेबलांवर पसरली. ज्या दोन आयरिश घरांना अंबिलीनं शेजारधर्म म्हणून डबे दिले होते, त्यांतली माणसंही काय चाललंय ते बघून खुर्च्या घेऊन बाहेर आली. जोमोनच्या बायकोनं त्याचं पान वरच्या खिडकीच्या कट्ट्यावर मांडलं.

ट्रीसा आत गेली होती. मुरलीधर दाराकडे बघत राहिले. ती परत आली तेव्हा केस विंचरलेले होते आणि हातात स्टूल होतं.

पूर्णिमानं अण्णांचं पान आपल्या दारात लावलं. अवियल, ओलन, तोरण या भाज्या, आल्याचं गोडतिखट लोणचं, केळ्याचे जाड काप. मुरलीधरांनी प्रत्येक पदार्थाची चव घेऊन समोरच्या दाराला ओरडून विचारलं, हे कशाचं, आणि समोरून ओरडून उत्तर आलं. पन्नास पावलांवरून गप्पा मारायच्या तर आवाज लागतोच. कुणी कुणाला हळू बोला म्हणेना. कुणीतरी दारातूनच ओणमचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या दारानं ते उचललं, पण अंतरामुळे एक ओळ मागे राहिलं, आणि शेवटपर्यंत मागेच राहिलं.

पायसमची खीर वाढायच्या वेळी गार्डांची, म्हणजे पोलिसांची, गाडी वळणावरून आत आली आणि हळू होत होत थांबली. सगळ्यांचे हात पानावर थबकले. काच खाली झाली. तरुण गार्डानं सगळा अर्धगोल नजरेखालून घातला.

सोजन मास्क चढवून गाडीपासून लांब उभा राहिला. त्याला सांगणं भाग होतं. आमचा सण आहे, म्हणाला. प्रत्येक कुटुंब आपापल्या दारात आहे. गार्डानं पुन्हा बघितलं. खरंच, प्रत्येक जण आपापल्या फरशीवर होता.

“आणि तो बाबा कोण?” त्यानं मुरलीधरांकडे बोट केलं.

“राजा आहे,” सोजन म्हणाला.

“कुठला?”

सोजननं मुकुटाकडे बघितलं. पाताळाचा म्हणावं की केरळचा की सांगलीचा. “आजच्यापुरता इथलाच,” तो म्हणाला.

गार्डानं मान हलवली. “ग्रँड,” तो म्हणाला. अंबिलीनं झाकणाच्या दोन पेल्यांतून पायसम आणून भिंतीवर ठेवलं आणि मागे झाली. गार्डानं उतरून पेले घेतले, एक चमचा तिथेच खाल्ला, आणि गाडी वळवून गेला. मुरलीधरांनी जाताना त्याला आशीर्वादाचा हात दाखवला. त्यानंही काचेतून हात दाखवला.

मग थेंब पडू लागले. इथला पाऊस असाच, सांगून येत नाही. पण त्या दिवशी कुणी उठायची घाई केली नाही. पायसम संपेपर्यंत सगळे बसून राहिले.

पूर्णिमानं हे सगळं फोनवरून विट्याला दाखवलं. लीलावतीनं पदर तोंडाला लावून पाहिलं, मग पदर बाजूला करून मनसोक्त हसली. तिच्यामागे अंथरुणावरून म्हातारी आई विचारत होती, कोण गं, कोण आलंय? “तुझा जावई,” लीलावती मागे वळून म्हणाली, “राजा झालाय. बनियन न घालता.” मग फोन जवळ घेऊन हळू आवाजात म्हणाली, “आवो, आईचं लई अवघड झालंय. मी सांगत नव्हते.” मुरलीधर म्हणाले, “मला म्हाईत हाय.” बराच वेळ ते दोघं खरं खरं बोलत बसले. गुंजन शेजारी बसून त्यांचे बाजूबंद आपल्या हातात चढवून बघत होती.

सोमवारी सकाळी मुरलीधर रोजच्यासारखे कालव्याकाठी फिरायला गेले. एरवी ते खाली मान घालून चालत. आज समोरून सायकलवर आलेल्या एका माणसानं “गुड मॉर्निंग, मावेली” म्हटलं. मल्याळी होता की आणखी कुणी, मास्कमुळे कळलं नाही.

कालव्यावरच्या पुलाशी ट्रीसा भेटली. रात्रपाळी करून येत होती. ती दिल्लीत दोन वर्षं राहिलेली, मुरलीधरांना सिनेमाचं हिंदी यायचं, तेव्हा आज दुभाषी लागला नाही.

“रात्री वॉर्डात एका आजींना झोप येत नव्हती,” ती म्हणाली. “त्यांना सांगितलं, काल माझ्या दारात राजा आला होता. त्या म्हणाल्या, काय मागत होता? मी म्हटलं, काही नाही. म्हणाला, बाहेर ये आणि जेव.”

“त्या काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, असा राजा असेल तर ठीक आहे.”

दोघंही दोन हात अंतर राखून पाण्याकडे बघत उभे राहिले. मग ट्रीसानं खिशातून फोन काढला. केरळातून सकाळीच व्हिडिओ आला होता, लेकीच्या पहिल्या ओणमचा. दाखवायचा होता, पण एवढ्या लांबून दिसणार कसा. तिनं जरा विचार केला, मग काठच्या बाकावर फोन उभा करून ठेवला, बटण दाबलं आणि चार पावलं मागे गेली.

मुरलीधर पुढे झाले. हात पाठीमागे बांधून वाकले. पडद्यावर एक टकलं, गुटगुटीत बाळ केळीच्या पानापुढे बसलं होतं. त्यानं दोन्ही मुठींत भात घेतला, एक मूठ तोंडावर चोळली, दुसरी शेजारच्या कुणाच्या तरी मांडीवर टाकली, आणि पापडाचा तुकडा उचलून कॅमेऱ्याकडे रोखून धरला, जणू बघणाऱ्याला देऊ करत होतं. तिथे व्हिडिओ संपला.

मुरलीधर वाकलेलेच राहिले. “आनखी एकदा लाव की,” ते म्हणाले.

ते मागे सरले. ट्रीसा पुढे आली, बटण दाबलं आणि पुन्हा मागे जाऊन उभी राहिली.